खोक्यावर अठरा, हातात आठ: लिनक्सवर घरच्या घरी मल्टिट्रॅक रेकॉर्डिंगसाठी काय घ्यावं

नागपुरात बर्डीवरच्या एखाद्या वाद्यांच्या दुकानात जाऊन "रेकॉर्डिंगसाठी काहीतरी स्वस्त दाखवा" म्हटलं, की काउंटरवर बहुधा एकच वस्तू येते: दहा-बारा चॅनेलचा, मागे यूएसबीचं पोर्ट असलेला मिक्सर. दुकानदार खोटं बोलत नसतो. मिक्सर खरंच बारा चॅनेलचा असतो, यूएसबी चालते, लिनक्सही त्याला मुकाट्याने ओळखतं. फक्त संगणकात पोचतात ते दोनच ट्रॅक, डावा आणि उजवा. गायक, पेटी, तबला, झांज सगळं त्या दोघांत कालवून आलेलं असतं. घरी आल्यावर तबला जरा खाली घ्यावा, गायकाचा एक सूर सुधारावा, कोरस थोडा मागे ढकलावा असं वाटलं, तरी काहीच वेगळं काढता येत नाही.

म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न एकच: "यातून संगणकात एकाच वेळी, वेगवेगळे, किती ट्रॅक जातात?" उत्तर नीट मिळालं नाही तर वस्तू घेऊ नका, भले ती कितीही स्वस्त असो.

आधी माणसं मोजा

ट्रॅक किती हवेत आणि इनपुट किती हवेत, हे दोन वेगळे हिशोब आहेत. गाण्यात वीस ट्रॅक असले तरी ते एकापाठोपाठ एक वाजवून भरणार असाल, तर दोन इनपुटचा इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज संगणकात पोचवणारा डबा, पुरतो. आधी गिटार, मग ती हेडफोनवर ऐकत आवाज, मग दुसरा आवाज. धरमपेठेतल्या आपल्या खोलीत एकटाच गाणी करणाऱ्या मुलाने आठ इनपुटचं यंत्र घेतलं तर सहा इनपुट कायम रिकामेच राहतील. ते पैसे माइकवर गेलेले बरे.

पण आपल्याकडचं बरंच संगीत एकापाठोपाठ एक भरता येत नाही. खंजेरी भजन घ्या. मुख्य गायकाच्या हातातच खंजेरी असते, लय हळूहळू चढत जाते, शेवटच्या कडव्यापर्यंत ती सुरुवातीच्या किती पुढे गेलेली असते ते वाजवणाऱ्यालाही सांगता येत नाही. अशा मंडळींना हेडफोनमध्ये टिकटिक लावून एकेकटं बसवलं, की सूर-ताल सगळं बरोबर येतं आणि भजन मात्र मरून जातं. ती एकत्रच बसली पाहिजेत, आणि मग जेवढे माइक तेवढे इनपुट.

मोजून पाहू. गायक एक, खंजेरी एक, पेटी एक, तबल्याला दोन (दाया आणि बाया वेगळे), कोरसला एक किंवा दोन. झांजेला माइक लावू नका, ती न बोलावता सगळ्यांच्या माइकमध्ये येते. झाले सहा-सात, म्हणजे आठ इनपुटचं यंत्र. एवढं बजेट नसेल तर चारात बसवता येतं: गायक, पेटी, दाया-बायाच्या मधोमध तबल्याला एक, आणि कोरस व खंजेरीला मिळून एक. चाराचं रेकॉर्डिंग वाईट होत नाही, नंतर फेरफार करायला जागा कमी राहते एवढंच. ड्रम असलेल्या बँडचंही असंच: किकला एक, स्नेअरला एक, वर दोन, बास थेट केबलने, गिटारच्या अँपसमोर एक. सहा झाले. गायकाचा आवाज नंतर वेगळा भरला तर सहात भागतं, आणि तो वेगळा भरलेलाच चांगला.

दोनापेक्षा जास्त लागणार हे पक्कं असेल, तर दोनाचं घेऊन "पुढे बघू" म्हणू नका. "दोन इनपुटचे दोन स्वस्त इंटरफेस घेऊन चार करू" ही युक्तीही हमखास सुचते. लिनक्सवर दोन कार्डं एकत्र जोडता येतात, त्यासाठी साधनंही आहेत. अडचण घड्याळाची आहे. प्रत्येक कार्डाच्या आत स्वतःचं क्रिस्टल असतं आणि कोणतीही दोन क्रिस्टलं अगदी सारख्या वेगाने चालत नाहीत. दर दहा लाखांत पन्नासाचा फरक पडला तरी मिनिटाला ३ मिलिसेकंद होतात, दहा मिनिटांच्या भजनात ३०. तेवढ्यात टाळ आणि तबला फाटतात. सॉफ्टवेअर ती तफावत सतत भरून काढू शकतं, पण त्यात संगणकावर भार येतो आणि बिघाडाची एक जागा वाढते. एकच घड्याळ, एकच डबा.

खोक्यावरचा आकडा

बेहरिंगरच्या यूएमसी १८२० वर अठरा इनपुट लिहिलेले असतात. त्यातले माइक लावता येतील असे आठ. उरलेल्या दहापैकी आठ एडॅट नावाच्या ऑप्टिकल केबलने येतात आणि दोन डिजिटल स्टिरिओचे. म्हणजे आकडा खरा आहे, पण पुढचे आठ वापरायला एडॅटवाला आठ प्रीअँपचा (प्रीअँप म्हणजे माइकचा बारीक आवाज वाढवणारा भाग) आणखी एक डबा विकत घ्यावा लागतो. फोकसराइट स्कार्लेटच्या १८आय८ मध्ये माइक प्रीअँप चारच. ४आय४ मध्ये तर दोन माइकचे आणि दोन लाइनचे, म्हणजे कीबोर्ड किंवा दुसऱ्या मिक्सरमधून आलेल्या आवाजाचे. मोटू एम४ चंही तेच. चार माइक लावायचे म्हणून या शेवटच्या दोहोंतलं काही घेतलं तर दोन माइक हातात राहतात.

मिक्सरमध्ये फसगत आणखी सोपी. यामाहाचा एमजी१०एक्सयू हा छोटा मिक्सर कार्यक्रमासाठी उत्तम, पण यूएसबीवर तो दोन आत, दोन बाहेर एवढाच. बेहरिंगरच्या एक्सआर मालिकेत एक्सआर१८ संगणकाला अठरा वेगवेगळे ट्रॅक देतो; नावात फक्त दोनाने मागे असलेला एक्सआर१६ मात्र पेनड्राइव्हवर स्टिरिओ रेकॉर्ड करतो, मल्टिट्रॅक इंटरफेस म्हणून चालत नाही. दिसायला भाऊ-भाऊ, किमतीतला फरक पाहून माणूस लहान भावाला घरी आणतो.

तेव्हा कंपनीच्या माहितीपत्रकात दोन ओळी शोधा: माइक प्रीअँप किती, आणि यूएसबीवर रेकॉर्डिंगचे चॅनेल किती. या दोहोंतला लहान आकडा तुमचा.

लिनक्सशी पटेल का

इथे लोक उगीच घाबरतात. यूएसबी ऑडिओचं एक सर्वमान्य मानक आहे. जे यंत्र ते पाळतं त्याला "क्लास कंप्लायंट" म्हणतात, आणि त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, आधीपासून असतो. सीडी नाही, डाउनलोड नाही. केबल लावली की कार्ड दिसतं. विंडोजवर याच यंत्रांना बरेचदा कंपनीचा ड्रायव्हर शोधत बसावं लागतं, तो त्रास इथे नाही.

अडचण ही, की खोक्यावर लिनक्सचं नाव क्वचितच असतं आणि दुकानदाराला विचारलं तर "नाही चालत भाऊ" असं उत्तर येतं, कारण त्याने कधी लावून पाहिलेलं नसतं. त्यावर सोपी परीक्षा आहे. त्याला विचारा, "आयपॅडवर ड्रायव्हरशिवाय चालतं का?" आयपॅडवर कंपनीचे ड्रायव्हर सहसा टाकले जात नाहीत, त्यामुळे तिथे ड्रायव्हरशिवाय चालणारं यंत्र हे मानक पाळणारं असतं. आयपॅडवर चालतं म्हणजे लिनक्सवर आवाज येण्याची शक्यता फार मोठी.

आवाज येणं आणि सगळी बटणं हाताशी येणं यात मात्र फरक आहे. काही यंत्रांमधलं आतलं मिक्सिंग, कोणता आवाज कोणत्या हेडफोनला जावा वगैरे, कंपनीच्या विंडोज किंवा मॅकच्या प्रोग्रॅममधूनच ठरवावं लागतं. त्यामुळे लिनक्ससाठी नियम असा ठेवा: जितक्या गोष्टी यंत्राच्या तोंडावर खऱ्या बटणांनी होतात तितकं बरं. यूएमसी मालिका याच कारणाने लिनक्सवाल्यांची लाडकी आहे. गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते), फँटम पॉवर (काही माइकना केबलमधूनच मिळणारी ४८ व्होल्टची वीज), हेडफोनचा आवाज, थेट ऐकण्याचं बटण सगळं हाताने फिरवायचं.

याला चांगले अपवाद आहेत. स्कार्लेटच्या दुसऱ्या पिढीपासूनच्या यंत्रांचं आतलं मिक्सिंग कर्नेलमधूनच चालवता येतं आणि त्यावर "अल्सा स्कार्लेट जीयूआय" नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. टॅस्कमच्या यूएस-१६x०८ चं मिक्सरही कर्नेलला ठाऊक आहे. एक्सआर१८ चा नियंत्रणाचा प्रोग्रॅम तर खुद्द कंपनीच लिनक्ससाठी देते. स्कार्लेट तिसऱ्या पिढीची असेल तर एक लक्षात ठेवा: नवं यंत्र पहिल्यांदा जोडलं की ते पेनड्राइव्हसारखं दिसतं आणि काही सोयी बंद असतात. ४८ व्होल्टचं बटण दाबून धरून यंत्र चालू केलं, किंवा वरच्या प्रोग्रॅममधून तो मोड बंद केला, की सुटतं.

जुन्या बाजारात फायरवायरवाले आठ-दहा इनपुटचे इंटरफेस मातीमोल भावात मिळतात. लिनक्सवर त्यातले बरेच चालतातही. पण त्यासाठी आधी फायरवायरचं कार्ड लागतं, आजच्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं, आणि कर्नेलमधल्या या भागाची निगा २०२९ पर्यंतच ठेवायचं ठरलेलं आहे. घरी जुना डेस्कटॉप पडून असेल आणि हौस असेल तर बघा. भजन मंडळाच्या वर्गणीतून हे घेऊ नका.

दुकानातच लावून पाहा

हे सगळं वाचूनही खात्री एकाच मार्गाने होते: आपला लॅपटॉप काउंटरवर ठेवून. विंडोजचा लॅपटॉप असला तरी चालतो. उबुंटू स्टुडिओ पेनड्राइव्हवर घ्या आणि त्यावरून चालू करा, हार्ड डिस्कला हात लागत नाही. इंटरफेस जोडा. टर्मिनल उघडून "एरेकॉर्ड" (इंग्रजीत arecord) लिहा, एक जागा सोडून उणे चिन्ह आणि लहान एल टाका, एंटर मारा. यादीत यंत्राचं नाव आलं पाहिजे. मग प्रॉक फोल्डरमधल्या एसाउंडमध्ये (/proc/asound) जाऊन त्या कार्डाच्या फोल्डरात "स्ट्रीम०" (stream0) नावाची फाइल उघडा. तिच्यात प्लेबॅक आणि कॅप्चर असे दोन भाग असतात. कॅप्चरच्या भागात चॅनेलचा जो आकडा दिसेल तोच खरा. तिथे दोन दिसले तर मिक्सरवर बारा असोत की चोवीस, चर्चा संपली. तिथेच बिटचा आकडाही दिसेल. अगदी स्वस्त यंत्रं १६ बिटवर थांबतात. २४ बिटचंच घ्या, म्हणजे रेकॉर्ड करताना आवाज काठोकाठ भरायची गरज राहत नाही.

दुकानदार लावू देत नसेल तर परत घेण्याची अट बिलावर लिहून मागा. ऑनलाइन घेणार असाल तर तीच परीक्षा परतीच्या मुदतीत घरी करा, खोकं फाडू नका. वॉरंटीसाठी बिल पक्कं हवं. यंत्र दुरुस्तीला गेलं तर ते बहुधा नागपूरबाहेर जातं आणि कच्च्या पावतीवर कोणी दारात उभं करत नाही.

मग घ्यायचं काय

भाव सारखे हलतात, म्हणून अंदाजच सांगतो. दोन इनपुटची क्लास कंप्लायंट यंत्रं पाच हजारांच्या आसपास सुरू होतात. यूएमसी २०४ एचडी किंवा स्कार्लेट २आय२, दोन्ही चालतात. २०४ एचडी यूएसबीच्याच विजेवर चालतो, वेगळा अडॅप्टर लागत नाही.

चार माइकसाठी यूएमसी ४०४ एचडी. एवढ्या पैशात चार खरे प्रीअँप देणारं याला तोडीचं दुसरं मला दिसत नाही. याला स्वतःचा अडॅप्टर लागतो. जुना घेताना तो सोबत आहे का ते पाहा, नाहीतर दुसऱ्या कशाचा तरी अडॅप्टर लावून लोक यंत्र जाळतात. आठसाठी यूएमसी १८२०, पंचवीस हजारांच्या वरचा मामला. मंडळाचे कार्यक्रमही असतील, म्हणजे मिक्सर तसाही लागणारच असेल, तर थोडे थांबून एक्सआर१८ साठी पैसे जमवा. एकच डबा मैदानात मिक्सर आणि घरी अठरा ट्रॅकचा इंटरफेस होतो. तो ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झवरच चालतो, आणि भजनाला किंवा बँडला त्याहून जास्त लागतही नाही.

एक आडवाटही सांगून ठेवतो. झूमचा आर१६ हा संगणकाशिवाय चालणारा रेकॉर्डर एकाच वेळी आठ ट्रॅक एसडी कार्डावर घेतो आणि सहा पेन्सिल सेलवर चालतो. एच६ असाच, सहा ट्रॅकचा, अजून लहान. झाडीपट्टीतलं नाटक, खेड्यातला रात्रभराचा भजनाचा कार्यक्रम अशा ठिकाणी, जिथे वीज कधी जाईल सांगता येत नाही, तिथे लॅपटॉप नेण्यापेक्षा हा बरा. घरी येऊन कार्डावरच्या वेव्ह फाइली कॉपी करायच्या आणि लिनक्सवर मिक्स करायचं. ड्रायव्हरचा प्रश्नच उरत नाही. जुना मिळाला तर सोडू नका.

माइक, पिना आणि केबल

इंटरफेस घेताना सगळे पैसे संपवले तर पुढे गाडी अडते. माझं मत असं, की एकूण बजेटचा अर्धाच भाग इंटरफेसवर जावा, उरलेला माइक, केबल, स्टँड आणि हेडफोनवर.

घरच्या खोलीसाठी डायनॅमिक माइक घ्या. कंडेन्सर नाजूक तपशील पकडतो हे खरं, पण सोबत शेजारच्यांच्या स्वयंपाकघरातला मिक्सर, रस्त्यावरचा हॉर्न आणि वरच्या मजल्यावरची खुर्चीही पकडतो. चारपाच माणसं एका खोलीत वाजवत असताना तर प्रत्येक कंडेन्सरमध्ये सगळेच ऐकू येतात, मग वेगळे ट्रॅक घेऊन उपयोग काय? शूअरचे एसएम५७ आणि एसएम५८ अनुक्रमे १९६५ आणि १९६६ पासून बाजारात आहेत आणि अजून कोणी त्यांना घरी बसवलेलं नाही. गायकाला एक ५८ घ्या, बाकीचे हळूहळू.

हळूहळू म्हणजे कसे, तर उसने. नागपुरात मंडप-साउंडवाल्यांची कमी नाही आणि लग्नसराई संपून गणपती यायच्या आधी, आखाडात, त्यांचं सामान रिकामं पडून असतं. दोन दिवसांसाठी चार माइक, स्टँड आणि केबल भाड्याने घेतले तर विकत घेण्याच्या कितीतरी कमी पैशांत रेकॉर्डिंग होतं. पण इथेच एक गोची आहे.

मंडपवाल्यांच्या माइकला जी केबल असते तिच्या एका टोकाला कॅनन पिन (एक्सएलआर, तीन काड्यांची गोल पिन) आणि दुसऱ्या टोकाला पी-३८ जॅक (गिटारच्या केबलला असतो तसा पाव इंची) असतो. तो पी-३८ तुमच्या इंटरफेसच्या भोकात आरामात बसतो, कारण ते भोक कॅनन आणि जॅक दोन्हीसाठी केलेलं असतं. मात्र जॅकने आलेला आवाज माइकच्या वाटेने जात नाही, लाइन किंवा गिटारच्या वाटेने जातो. परिणाम: गेन शेवटपर्यंत फिरवला तरी आवाज दबलेला, वरून घरघर. यंत्र खराब आहे असं समजून लोक दुकानात परत नेतात. दोन्ही टोकांना कॅनन असलेली केबल लावा, सगळं जागेवर येतं.

केबल तयार घेण्यापेक्षा चांगली दोन तारा अधिक जाळीची माइक वायर मीटरने घेऊन पिना स्वतः झाळल्या तर स्वस्त पडतं आणि टिकतं. पिनेवर आकडे असतातच: १ ला जाळी, २ ला एक तार, ३ ला दुसरी, दोन्ही टोकांना तेच. उलटसुलट झालं तर एकाच वाद्यावरचे दोन माइक एकमेकांना खातात आणि तबल्याचा बाया पातळ होतो.

४८ व्होल्टचं फँटम कंडेन्सर आणि काही डीआय बॉक्सना (गिटार-बास माइकच्या इनपुटला जोडणारे डबे) लागतं. स्वस्त इंटरफेसवर सगळ्या चॅनेलना मिळून एकच बटण असतं. कॅनन केबलने लावलेल्या डायनॅमिक माइकला त्याने काही होत नाही. फक्त फँटम चालू असताना केबल काढ-घाल करू नका.

माइक कुठे ठेवायचा त्यावर वेगळा लेख होईल. एवढंच: पेटीला भात्याच्या बाजूने लावू नका, हवा थेट माइकवर येते. आणि खंजेरीचा ठोका अचानक चढतो, तिचा गेन सगळ्यात खाली.

हेडफोन बंद कपांचे घ्या, नाहीतर त्यातला आवाज माइकमध्ये परत जातो. एकाहून जास्त लोकांना ऐकायचं असेल तर चार हेडफोनचा छोटा अँप्लिफायर मिळतो. स्पीकर नंतर.

संगणक

नवा घ्यायची गरज नाही. ऑफिसांतून निघालेले जुने आय५ लॅपटॉप रिफर्बिश्ड म्हणून मिळतात. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असला की सोळा-वीस ट्रॅक निभतात. यूएसबी ३ च्या मागे लागू नका. आठ चॅनेल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला साधारण ९ मेगाबिट, आणि यूएसबी २ ची मर्यादा ४८० ची आहे. हब मात्र मधे नको, इंटरफेस थेट लॅपटॉपला.

जागा लागते. आर्डर हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम मुळात ३२ बिटच्या फाइली लिहितो; त्या हिशोबाने आठ ट्रॅकना तासाला साडेपाच जीबी. रात्रभराच्या कार्यक्रमाआधी डिस्क बघून घ्या.

घरघर आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. गेली, म्हणजे दोष अर्थिंगचा. लॅपटॉप, इंटरफेस, कीबोर्ड सगळं एकाच तीन पिनांच्या बोर्डावर घ्या, आणि त्या बोर्डाला खरंच अर्थ आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासा. महाल-इतवारीकडच्या जुन्या घरांत तिसरं भोक कधीकधी नुसतं शोभेचं असतं.

सॉफ्टवेअर आणि पहिली जोडणी

सगळं तयार हवं असेल तर उबुंटू स्टुडिओ. आधीच डेबियन, फेडोरा किंवा साधं उबुंटू असेल तर बदलू नका, आर्डर त्यांच्या भांडारातून फुकट येतो. पूर्वी लिनक्सवर ऑडिओ म्हणजे जॅक नावाचा सर्व्हर वेगळा चालवा, मग यूट्यूबचा आवाज बंद, मग तो परत आणा, अशी कसरत होती. आता पाइपवायर ते सगळं सांभाळतो. फेडोराने तो २०२१ मध्ये मूळ व्यवस्था म्हणून घेतला, २०२३ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. नवीन सुरू करणाऱ्याने जॅकचे जुने धडे वाचत बसू नये. जॅकसाठी लिहिलेले प्रोग्रॅम पाइपवायरवर तसेच चालतात.

जोडल्यावर एक गोष्ट करायची राहते आणि तिच्यावाचून चार इनपुटचं यंत्र दोनाचं दिसतं. "पावूकंट्रोल" (pavucontrol) हा प्रोग्रॅम टाका, त्यात कॉन्फिगरेशनच्या पानावर आपल्या कार्डाची प्रोफाइल "प्रो ऑडिओ" करा. मग सगळे इनपुट सुटे दिसतात आणि आर्डरमध्ये प्रत्येक ट्रॅकला एकेक देता येतो. आपलं नाव "ऑडिओ" गटात आहे का तेही पाहा, नाहीतर संगणक ऐन वेळी दुसऱ्या कामाला लागतो आणि रेकॉर्डिंगमध्ये टचटच येते. त्या टचटचीला एक्सरन म्हणतात.

लेटन्सीच्या, म्हणजे गाताना आपला आवाज संगणकातून कानात पोचायला लागणाऱ्या उशिराच्या, नावाने लोक झोप उडवून घेतात. हिशोब सोपा आहे: बफरचा आकडा (संगणक एका घासात आवाजाचे किती नमुने घेतो) गुणिले पिरियड (असे घास किती), भागिले सँपल रेट (सेकंदाला नमुने किती). १२८ गुणिले २ भागिले ४८,००० म्हणजे ५.३ मिलिसेकंद. पण इंटरफेसवरच थेट ऐकण्याचं बटण असेल, आणि वर सांगितलेल्या यूएमसीमध्ये ते आहे, तर गायकाला आपला आवाज संगणकात न जाताच ऐकू येतो. मग बफर ५१२ किंवा १०२४ ठेवा, जुना लॅपटॉपही श्वास घेईल. १२८ च्या मागे फक्त त्यांनी लागावं ज्यांना गिटारचा अँप संगणकातच वाजवायचा आहे.

आवाजाची पातळी सगळ्यात जोरकस जागी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. तालमीत ठेवलेली पातळी रंग चढल्यावर वर जाते, भजनात तर हमखास.

खोली, कूलर आणि मे महिना

फोमचे तुकडे भिंतीला चिकटवू नका. ते वरचे सूर खातात, खालची घुमघुम तशीच राहते. त्यापेक्षा कापसाच्या गाद्या. आपण कापसाच्या मुलखात राहतो, गादीवाल्याकडून जुना कापूस पिंजून दोन जाड गाद्या भरून घ्या आणि गाणाऱ्याच्या मागे व बाजूला उभ्या करा. खाली सतरंजी. रिकामी, फरशीची, चार भिंती उघड्या खोली सगळ्यात वाईट. पुस्तकं, कपडे, पलंग असलेली बेडरूम त्याहून पुष्कळ बरी.

आणि कूलर. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेलेला असताना कूलर बंद करून आठ माणसांना खोलीत बसवणं म्हणजे मंडळ फोडण्याचीच तयारी. पहाटे पाच ते आठ ही वेळ धरा: खोली रात्रभर कूलरने गार झालेली असते, रस्ता निजलेला असतो, व्होल्टेजही दुपारपेक्षा स्थिर असतं. एक गाणं बंद कूलरवर, मग दहा मिनिटं चालू, चहा, पुढचं गाणं. कूलरची ओल माइकच्या पेटीत शिरते, तिच्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, पंखा ओरडायला लागतो आणि तोही रेकॉर्ड होतो.

गाणं सुरू करण्याआधी अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प बसवून नुसती खोली रेकॉर्ड करा आणि ती हेडफोनवर मोठ्या आवाजात ऐका. फ्रिज, घड्याळ, नळाची टिपटिप, जे ऐकू येईल ते बंद करून मगच पहिला ठेका. आणि मंडळी घरी जायच्या आत सगळे ट्रॅक एकेक करून ऐका, पूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. कोणाचा माइक बंदच राहिला असेल तर पेटी अजून उघडीच आहे, तबला अजून सुरात आहे, पुन्हा एकदा घेता येतं.